विनोदी अद्भुतकथेतील लढवय्यी : सोलापूरच्या मातीतून काय लिहिता येईल?

भुईकोट

मराठीत विनोदी कथा भरपूर आहेत, वीरांगनांवरचे लेखन विपुल आहे आणि अद्भुताची परंपरा पोथ्यांपासून 'चांदोबा'पर्यंत अखंड चालत आलेली आहे. परंतु या तिन्ही धारा एकत्र आलेली लघुकथा, म्हणजे जिची नायिका शस्त्र चालवण्यात निष्णात आहे, जिच्या जगात वेताळ आणि मंत्र खरे आहेत आणि जी वाचताना मनमोकळे हसू येते अशी कथा, मला फार क्वचित वाचायला मिळाली आहे. सोलापूर आणि परिसरातील सदस्यांनी अशा कथांच्या कल्पना आणि त्यांमागचा विचार मांडावा, म्हणून हा धागा काढत आहे.

इंग्रजीत हा प्रकार रुळलेला आहे, त्यामुळे थोडी पार्श्वभूमी देतो. १९३४ च्या ऑक्टोबर महिन्यात 'वीअर्ड टेल्स' या अमेरिकी मासिकात सी. एल. मूर या लेखिकेची जिरेल ही नायिका अवतरली. ती एका किल्ल्याची स्वामिनी होती, संतापी होती आणि तलवारीवर तिचा हात बसलेला होता. ती कथा पूर्णपणे गंभीर होती. पुढे १९७३ मध्ये अमेरिकी चित्रकथांत रेड सोंजा आली आणि लवकरच तिच्या अंगावर धातूच्या चकत्यांची ती तोकडी चोळी चढली, जिच्यात पोट, खांदे आणि मांड्या उघड्या राहतात आणि तरीही तिला चिलखत म्हटले जाते. त्या पोशाखाची इतकी नक्कल झाली की त्याची टिंगल होणे अटळ होते. १९९५ साली एस्थर फ्रीस्नर यांनी लढवय्या स्त्रियांच्या विनोदी अद्भुतकथांचा संग्रह संपादित केला आणि त्या मालिकेचे पुढचे भाग २०१५ पर्यंत निघत राहिले. लढवय्यीकडे पाहणाऱ्या जगाचे हसे करायचे, ही वाट अशा लेखनामुळे मोकळी झाली.

आपल्याला त्या कथांची नक्कल करण्याचे कारण नाही. धातूची चोळी हा आपला प्रश्न कधी नव्हताच, कारण आपल्या घोड्यावरच्या वीरांगनेला चित्रकार आणि मूर्तिकार नऊवारीच नेसवतात. आपल्या विनोदाचा झरा दुसरीकडे शोधायला हवा. माझे मत असे आहे की लढणे हा नायिकेचा रोजचा धंदा आहे असे धरून कथा लिहावी. तिचे कौशल्य अस्सल असावे, त्यावर विनोद करू नये. परंतु धंदा म्हटला की मजुरी, उधारी, कपडा, जेवण, अंगदुखी, वरचा साहेब आणि शेजारची स्पर्धा हे सारे आपोआप येते, आणि विनोद तेथे आहे. सोलापूर हे कष्टकरी बायांचे शहर आहे. येथल्या लेखकाला ही दृष्टी उसनी आणावी लागणार नाही.

चादरवाली

भुईकोट, धागा काढल्याबद्दल आभार. कपड्याचा विषय निघालाच आहे तर त्यापासूनच सुरुवात करते, कारण आमच्या घरात माग होते आणि कापड हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

चिलखताच्या चित्रांत एक गोष्ट नेहमी गाळली जाते. कड्यांचे चिलखत उघड्या अंगावर घालता येत नाही. तलवारीची धार कड्या अडवतात, पण घावाचा दणका आत पोहोचतो आणि हाड मोडते. म्हणून चिलखताच्या आत कापूस भरून, टाके घालून शिवलेला जाड अंगरखा लागतो. आपल्या देशातील पुष्कळ सैनिक तर लोखंडाशिवाय, नुसत्या अशा कापूस भरलेल्या अंगरख्यावर लढले. म्हणजे लढवय्यीचा जीव जितका लोहाराच्या हातात असतो तितकाच तो विणकराच्या आणि शिंप्याच्या हातात असतो. आता हा पोशाख मे महिन्यात सोलापुरात घालायचा आहे असे समजा. पारा चाळिशीच्या वर गेलेला आहे, नायिकेने आत कापसाचा अंगरखा, वर लोखंडी कड्या आणि डोक्याला शिरस्त्राण घातले आहे आणि समोर अग्निमुख राक्षस उभा आहे. राक्षसाच्या आगीचा तिला काहीही त्रास होत नाही, कारण ती चिलखतात आधीच भाजून निघालेली आहे. उलट राक्षसच तिला सावलीत बसून लढू या अशी विनंती करतो. या प्रसंगात नायिकेचा अपमान कोठेही होत नाही आणि तरी हसू येते.

माझ्या मनातली कथा अशी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकरीण आजीकडे वेताळाला पकडण्याची विद्या आहे. जॅकार्डच्या मागावर नक्षी उतरवताना ती ताण्यात मंत्र भरते; चादर झटकून वेताळावर टाकली की तो त्या नक्षीत अडकतो आणि मोर किंवा फूल होऊन बसतो. तलवार चालवण्याचे काम तिची नात करते, कारण वेताळाला आधी थकवावे लागते. अडचण एवढीच की त्या चादरी बाजारात विकल्या जातात. मग गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते की चादरीतला मोर रात्री घोरतो. चादर परत घ्यायची की वेताळ परत घ्यायचा, यावर आजी आणि नात यांचे जे भांडण होते, तीच कथा.

बाळीवेस

चादरवाली अक्का, घोरणारा मोर फार आवडला. वेताळ धुलाईत आटतो का, याचाही विचार कथेत व्हावा.

मला आपल्या किल्ल्याबद्दल लिहायचे आहे. सोलापूरचा भुईकोट हा दख्खनच्या इतिहासात हुंड्याचा किल्ला म्हणून गाजला आहे. १५२४ साली विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचा विवाह अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाला तेव्हा हा किल्ला देण्याचे ठरले, परंतु तो प्रत्यक्षात दिला गेला नाही आणि त्यावरून दोन्ही घराण्यांत वर्षानुवर्षे लढाया झाल्या. पुढे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी दोन्ही घराण्यांत समेट झाला. त्या वेळी हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी हिचा विवाह अली आदिलशहाशी झाला आणि तिच्याबरोबर हाच किल्ला हुंड्यात विजापूरला गेला. बुरूज, खंदक आणि तोफा यांसह एक अख्खा किल्ला नवरीच्या सामानाच्या यादीत लिहिला जातो, ही गोष्ट इतिहासात घडून गेलेली आहे. अद्भुतकथेने फक्त एक पाऊल पुढे टाकायचे आहे.

त्या कथेत किल्ला बोलतो आणि चालतो. प्रत्येक लग्नात आपली देवाणघेवाण होते म्हणून तो चिडलेला आहे. या वेळची नवरी स्वतः दांडपट्ट्यात तरबेज आहे आणि तिलाही हे लग्न नको आहे. वरात निघायच्या दिवशी किल्ला खंदकात पाय रोवून बसतो. सासरकडचे लोक किल्ला मोजून घ्यायला आलेले असतात आणि एक बुरूज कमी भरतो म्हणून ते वाद घालतात. तो बुरूज रुसून सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसलेला असतो. नवरीला एकाच वेळी सासरच्या सैन्याशी लढायचे आहे आणि बुरुजाची समजूतही काढायची आहे. यातले अवघड काम कोणते, हे वाचकाला लगेच कळेल.

चांदबिबीविषयी आणखी एक दंतकथा येथे नोंदवतो. १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरला वेढा घातला, सुरुंगाने तट फोडला, आणि तिने स्वतः उभे राहून रातोरात ते खिंडार बुजवून घेतले, हा इतिहास आहे. गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरून डागली, ही दंतकथा. मला त्या दंतकथेत तोफेशेजारी वही घेऊन उभा असलेला खजिनदार दिसतो, जो प्रत्येक बारानंतर शत्रूकडून पोचपावती मिळेल का, असे विचारत असतो.

भीमाकाठ

चर्चा रंगली आहे, परंतु एक गंभीर हरकत नोंदवणे मला आवश्यक वाटते. चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून १६०० साली मारली गेली. ताराराणी, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई यांनी जे सोसले ते आपल्याला ठाऊक आहे. ज्या समाजात आजही मुलीने कुस्ती किंवा लाठी शिकायची म्हटले की घरात कुरबुर होते, तेथे लढवय्या स्त्रीभोवती विनोद गुंफला तर वाचक नेमके काय लक्षात ठेवील, याची मला चिंता वाटते. लेखकाचा हेतू कितीही चांगला असला तरी हसणारा माणूस कोणाकडे बोट दाखवून हसतो, यावर लेखकाचा ताबा राहत नाही. तेव्हा खऱ्या व्यक्तींना या कथांत आणू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कल्पित राज्ये, कल्पित राण्या घ्याव्यात.

होटगी_रस्ता

भीमाकाठ काकांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. आमच्या घरी कन्नड बोलतात आणि लहानपणी आजीकडून चित्रदुर्गच्या ओबव्वाची गोष्ट ऐकत मी मोठा झालो. अठराव्या शतकात हैदरअलीचे सैनिक किल्ल्याच्या एका अरुंद भोकातून एकेक करून आत शिरत होते. पहाऱ्यावरचा नवरा जेवायला आलेला होता, ही पाणी आणायला गेली होती. तिने घरातले मुसळ उचलले आणि भोकातून वर येणारे प्रत्येक डोके ठेचले. म्हणून तिला ओनके ओबव्वा म्हणतात.

ही कथा ऐकून कोणालाही हसू येत नाही. आणि तरीही मराठी चुटक्यांत बाईच्या हातात लाटणे दिले की हशा ठरलेला असतो. लाटणे घेतलेली बायको आणि पलंगाखाली लपलेला नवरा हे चित्र इतके झिजले आहे की त्यात आता काहीही उरलेले नाही. माझी सूचना अशी की आपल्या कथांत स्वयंपाकघरातली वस्तू शस्त्र म्हणून आली, तर ती ओबव्वाच्या मुसळासारखी खरोखर लागली पाहिजे. बाईच्या हातात ती आहे एवढ्यावर विनोद उभा करू नये.

नाझरेवाट

होटगी_रस्ता यांच्याशी शंभर टक्के सहमत.

मी सांगोल्याकडचा, त्यामुळे श्रीधरस्वामींचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवणार नाही. ते आमच्या नाझऱ्याचे. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' हे ग्रंथ घरोघरी वाचले गेले आणि 'जैमिनी अश्वमेध' हाही त्यांच्याच नावावर आहे. कन्नडमध्ये लक्ष्मीशाचे 'जैमिनी भारत' तितकेच लोकप्रिय आहे, म्हणजे सोलापूरच्या दोन्ही भाषांत ही कथा फार पूर्वीपासून नांदते आहे. त्यातला प्रमिलेचा प्रसंग या धाग्याचा मूळपुरुष म्हणावा, किंवा मूळस्त्री म्हणावी, इतका नेमका आहे. धर्मराजाच्या यज्ञाचा घोडा मोकळा सुटलेला असतो. तो एका सरोवरात उतरतो आणि घोडी होतो, पुढे दुसऱ्या पाण्यात शिरतो आणि वाघ होतो. मोठ्या खटपटीने तो पुन्हा घोडा होतो आणि नेमका स्त्रीराज्यात जाऊन पोहोचतो. तेथली राणी प्रमिला तो बांधून ठेवते आणि अर्जुनाला युद्धाचे आव्हान देते. अर्जुनाची मात्रा चालत नाही. शेवटी तो मोठे अस्त्र उचलतो तेव्हा आकाशवाणी होते, युद्ध थांबते आणि विवाहाने प्रकरण मिटते.

मला या कथेचा पूर्वार्ध अतिशय प्रिय आहे आणि उत्तरार्ध खटकतो. घोड्याचा वाघ होईपर्यंत कथाकार मनसोक्त खेळला आहे, पण राणी जिंकू लागली तसा तो घाबरला आणि त्याने आकाशाची मदत घेतली. नवनाथांच्या पोथीतही असेच घडते. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमतात आणि 'चलो मच्छिंदर, गोरख आया' असा मृदंग घुमवून गोरखनाथ त्यांना बाहेर काढतो. ती पोथी भक्तिपर असल्याने तिच्याशी माझे भांडण नाही, तिचे प्रयोजन वेगळे आहे. परंतु आपण नव्याने लिहिणार असू, तर स्त्रीराज्यातून पुरुषाची सुटका आणि लढवय्यीचे लग्न या दोन शेवटांना आपण पूर्ण रजा द्यावी.

माझी कथा आकाशवाणीनंतर सुरू होईल. प्रमिलेसारखी एक कल्पित राणी आहे, तिचे सैन्य जिंकत आलेले आहे आणि वरून आवाज येतो की युद्ध थांबवा. सेनापतीण वर पाहून विचारते की हुकूम कोणाचा आहे, त्यावर सही कोणाची आहे आणि आतापर्यंतच्या घावांची भरपाई कोण करणार आहे. आकाशाला यापूर्वी कोणी उलट प्रश्न विचारलेला नसल्यामुळे ते गडबडते. मग आकाशाला खाली बोलावून तडजोडीला बसवले जाते, आणि तो तडजोडीचा प्रसंग हा कथेचा गाभा. मधल्या काळात घोडा पुन्हा घोडी झालेला असतो आणि आपल्याला आता असेच राहू द्यावे असे सांगतो.

सुपातले_दाणे

पहिल्या पोस्टमधले धंद्याबद्दलचे वाक्य वाचून मी सदस्य झाले. माझी आई विड्या वळत असे आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्याहून अधिक बायका तेच काम करत. मांडीवर सूप, सुपात कातरलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, बोलताना एकदाही न थांबणारी बोटे. मजुरी हजार विड्यांमागे मिळते आणि माल जमा करताना तपासणारा जितक्या विड्या नापास करील तितक्यांचे कष्ट वाया जातात. या बायकांची २००६ साली कुंभारीला वसाहत झाली, दहा हजार घरांची. मी लिहीन ती लढवय्यी याच गल्लीतली असेल. थोडा मजकूर तयार आहे तो देते.

*राक्षसवधाची मजुरी हजारी होती. चंद्रव्वा दर शनिवारी आठवड्याची शिंगे सुपात घालून वखारीत नेत असे. वखारीचा कारकून एकेक शिंग उजेडाकडे धरून पाही आणि मगच वहीत नोंद करी.*

*"हे शिंग वाकडे आहे. नापास," कारकून म्हणाला.*

*"राक्षस वाकडाच होता," चंद्रव्वा म्हणाली.*

*"मग मारण्याआधी तो सरळ करून घ्यायला हवा होता. आणि हे शिंग आखूड आहे."*

*"तो लहान होता. पण त्याने दोन गावे जाळली होती."*

*"गावांची नोंद वेगळ्या वहीत होते. येथे लांबी पाहतात." कारकुनाने दुसरे शिंगही बाजूला टाकले. "यावर तलवारीचा ओरखडा आहे. माल स्वच्छ हवा."*

*"तलवारीशिवाय राक्षस कसा मारायचा?"*

*"ते तुमचे कौशल्य," कारकून म्हणाला. "आम्ही कौशल्यात ढवळाढवळ करत नाही."*

*चंद्रव्वाने नापास शिंगे परत मागितली. नापास माल वखारीतच जमा राहतो, असा नियम असल्याचे कारकुनाने सांगितले आणि चाळीस शिंगे मागच्या खोलीत नेऊन टाकली.*

यापुढचा भाग असा आहे. या जगातल्या जादूचा नियम आहे की शिंगाची वहीत नोंद झाली तरच राक्षस मेलेला राहतो. नोंद न झालेला राक्षस अमावास्येला आपल्या शिंगाभोवती पुन्हा उगवतो. म्हणजे त्या अमावास्येला वखारीच्या मागच्या खोलीत चाळीस राक्षस उगवणार आहेत, आणि महिनाअखेरचा हिशेब पूर्ण करण्यासाठी कारकून नेमका तेथे रात्रीचा थांबलेला आहे. तो खिडकीतून चंद्रव्वाला हाका मारतो. चंद्रव्वा विचारते की हे राक्षस जुने धरायचे की नवे, कारण एकदा मारलेला राक्षस दुसऱ्यांदा मारायचा दर ठरलेला नाही. शेवट कसा करावा हे मला सुचत नाही. तिने त्याला वाचवावे की नाही?

चादरवाली

वाचवावे. तिचा धंदा राक्षस मारण्याचा आहे आणि ती आपल्या धंद्यात चोख आहे. परंतु आधी दर ठरवूनच. खिडकीतून चाललेली ती घासाघीस मला अक्षरशः ऐकू येते आहे; कारकून एका पायावर राक्षसाला अडवून उभा आहे आणि तरीही चार आणे कमी करून मागतो आहे.

बाळीवेस

भाषेचे काय करावे? चंद्रव्वा आपल्या सोलापुरी बोलीत बोलली तर संवाद जिवंत होतील, पण बोलीवरच हशा पिकण्याची भीती आहे. आपल्याकडे नाटका-सिनेमांत आपली बोली बहुतेक वेळा नोकराच्या किंवा गुंडाच्या तोंडी येते. मला वाटते, शहाणपणाची वाक्ये बोलीत असावीत आणि मूर्खपणाची वाक्ये वखारीच्या छापील भाषेत. वर दिलेल्या मजकुरात कारकुनाची भाषा तशीच आहे, ती तशीच ठेवावी. चंद्रव्वाचे संवाद मात्र बोलीत करून पाहावेत.

रूपाभवानी_चौक

देवीचा विषय अजून कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटते. आपल्या भागातली सर्वांत मोठी लढवय्यी तुळजापूरला आहे. तिच्याबद्दल विनोद करण्याची कल्पनाही मला सहन होणार नाही, परंतु तिच्या आजूबाजूच्या जगाबद्दल विनोद करण्याची वाट संत एकनाथांनी आधीच घालून दिली आहे. रोडग्याच्या भारुडातली सून भवानीला नवस बोलते आणि सासरच्या एकेका माणसाला दूर करण्याची मागणी करते. तेथे हसू येते ते मागणे मागणाऱ्या सुनेच्या धिटाईचे; देवीच्या थोरवीला कोठेही धक्का लागत नाही, आणि भारुडाचा अध्यात्मिक अर्थ त्याच्या पोटात सुखरूप राहतो.

भुईकोट यांचा धंद्याचा मुद्दा देवीच्या उपचारांतही आहे, हे मी श्रद्धेने सांगते. तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीनदा सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राच्या आधीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातली मोहनिद्रा. यातली श्रमनिद्रा कोजागरीपर्यंत असते आणि महिषासुराशी झालेल्या युद्धाचा शीण जावा म्हणून देवी ती विश्रांती घेते, अशी भावना आहे. आपल्या पूर्वजांनी लढणारीच्या थकव्याची इतकी काळजी घेतली आहे. शस्त्र चालवणारीला झोप लागते, तिला कोणी उठवायचे नसते, ही जाणीव आपल्या कथांत यायला हवी.

त्यावरून सुचलेली कथा अशी की, एका कल्पित देशाची रक्षणकर्ती दीर्घ निद्रेला जाते आणि तेवढ्या दिवसांसाठी सीमेवर एक बदली लढवय्यी नेमली जाते. ती उत्तम लढणारी आहे, परंतु येणारा प्रत्येक राक्षस तिला विचारतो की मोठ्या बाई कोठे आहेत. त्याला बदलीवरच्या बाईच्या हातून मरणे कमीपणाचे वाटते. काही राक्षस तर निद्रा संपल्यावर येतो म्हणून परत जातात. ती पंचाईतीत पडते, कारण राज्य सुरक्षित राहिले खरे, पण तिच्या खात्यावर एकही वध जमा होत नाही.

भीमाकाठ

रूपाभवानी_चौक ताईंची पोस्ट वाचून माझी हरकत बरीचशी मावळली. बदलीवरच्या लढवय्यीची कथा त्यांनी अवश्य लिहावी.

भुईकोट

भीमाकाठ काका, तुमच्या हरकतीचे उत्तर द्यायचे राहिले होते. खऱ्या व्यक्तींना कथेत पात्र करू नये हे मला मान्य आहे आणि या धाग्यापुरता तो नियम धरू या. परंतु विनोद आणि वीरता यांत वैर आहे, असे मात्र मला वाटत नाही, आणि त्याला अहिल्याबाईंचा दाखला आहे, ज्यांचे नाव २०१९ पासून आपल्या विद्यापीठाला आहे. त्यांचा मुलगा मालेराव होळकर याच्या मृत्यूनंतर राघोबादादा फौज घेऊन इंदूरवर चालून आले, तेव्हा अहिल्याबाईंनी स्त्रियांची फौज उभी केली आणि त्यांना निरोप पाठवला, असे परंपरेने सांगितले जाते. मी हरले तर बाईमाणूस हरले म्हणून कोणी काही म्हणणार नाही, पण तुम्ही हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असा त्याचा आशय होता. दादांनी आपण केवळ दुखवट्याला आलो आहोत असे सांगून बाजू सावरून घेतली. लोकांनी ही गोष्ट इतकी वर्षे जपली ती तिच्यातल्या बुद्धीच्या धारेसाठी. बाई हरली तर त्यात विशेष काही नाही, हा जगाचा हीन समज तिने जसाच्या तसा उचलला आणि शत्रूवर उलटवला. विनोदी कथेतल्या लढवय्यीला याहून चांगला वस्तुपाठ मिळणार नाही.

सुपातले_दाणे ताई, तुमच्या कथेचा शेवटही मला याच वाटेवर दिसतो. चंद्रव्वाने कारकुनाला त्याचाच नियम दाखवावा. नोंद झाली की राक्षस मरतो, तेव्हा त्याने आत बसल्या बसल्या एकेक शिंग पास करून वहीत लिहावे. लेखणी चालेल तसे राक्षस कोसळतील आणि चंद्रव्वाची मजुरी आपोआप जमा होईल.

होटगी_रस्ता

कल्पना सुंदर आहे, पण मग चंद्रव्वाची तलवार म्यानातच राहते. आपणच वर ठरवले की तिचे कौशल्य अस्सल असावे. जिच्या कौशल्यावर सगळी कथा उभी आहे ती शेवटी नुसती खिडकीबाहेर उभी राहिली, तर वाचकाची निराशा होईल.

सुपातले_दाणे

होटगी_रस्ता दादांचे म्हणणे पटले आणि त्यातून शेवट सापडला. कारकून घाईघाईने एकोणचाळीस शिंगे पास करतो आणि एकोणचाळीस राक्षस कोसळतात. चाळिसावे ते वाकडे शिंग. राक्षसाने त्याची मान धरलेली आहे, लेखणी हातात आहे, आणि तरीही ते शिंग त्याला पास करवत नाही. शिंग वाकडे आहे आणि त्याची नजर खोटे पाहू शकत नाही, एवढी त्याची कामावर निष्ठा आहे. तेव्हा चंद्रव्वा दार फोडून आत जाते आणि त्या एका राक्षसाशी जी लढाई होते ती मी अगदी गंभीरपणे, प्रत्येक डावासह लिहिणार आहे. त्यासाठी दांडपट्टा शिकवणाऱ्या कोणाला तरी भेटून पवित्रे समजून घेईन. शेवटी ती ते शिंग उंबऱ्यावर ठेवते, तलवारीच्या मुठीने ठोकून सरळ करते आणि त्याच्यापुढे धरते. कारकून ते उजेडाकडे नेऊन पाहतो आणि पास करतो.

त्याला मी कथेत कृतज्ञ दाखवणार नाही. तो फक्त पुढच्या शनिवारी माल वेळेवर आणायला सांगेल. चंद्रव्वा मात्र दुसऱ्यांदा मारलेल्या राक्षसांचा दर वहीत लिहून घेतल्याशिवाय वखारीतून हलणार नाही, आणि तो दर गल्लीतल्या सगळ्याच लढवय्यींना लागू होईल. बोलीतले संवाद करून पहिला खर्डा याच धाग्यावर टाकते. बाळीवेस दादा, संवाद तुम्ही तपासून द्या.